पंथांतर आणि प्रार्थनेची भाषा : परभणीतील एका ख्रिस्ती घराच्या उदाहरणावरून

मराठीत 'धर्मांतर' हा शब्द सर्वपरिचित आहे. एका धर्माचा त्याग करून दुसऱ्याचा स्वीकार करणे, हा त्याचा अर्थ कोणासही समजावून सांगावा लागत नाही. परंतु ख्रिस्ती मनुष्य एका ख्रिस्ती पंथातून दुसऱ्यात जातो, म्हणजे प्रॉटेस्टंट घरात वाढलेला मनुष्य कॅथलिक होतो, तेव्हा त्या घटनेस काय म्हणावे याविषयी आपली भाषा चाचपडते. 'धर्मांतर' म्हणावे तर धर्म बदललेला नाही. 'पंथांतर' म्हणावे तर तो शब्द ग्रंथांत आढळतो, पण घरात कोणी उच्चारीत नाही. घरात जो शब्द उच्चारला जातो तो निराळाच असतो आणि त्याचा विचार पुढे करावयाचा आहे.

प्रस्तुत लेखकाचे बालपण परभणी येथे एका प्रॉटेस्टंट घरात गेले व वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी तो कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रविष्ट झाला. भाषेच्या अभ्यासकाने स्वतःसच निवेदक मानण्यात धोका असतो, याची त्यास जाणीव आहे. तथापि प्रार्थनेची भाषा ही अशी वस्तू आहे की, ती परक्या निवेदकाकडून मिळवू गेल्यास तो पाठ म्हणून दाखवितो. त्याची जीभ कोठे अडखळली ते सांगत नाही. येथे अडखळण्याचीच चर्चा करावयाची असल्यामुळे स्वतःचे उदाहरण टाळता आले नाही. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : पंथ बदलताना नामे लवकर बदलतात, पाठ केलेल्या प्रार्थनांचे वळण पुष्कळ उशिरा बदलते, आणि सर्वनामे सर्वांत उशिरा.

प्रथम घराविषयी. आमची आजी जालन्याकडची. जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी 'बेथेल' ही ख्रिस्ती वसाहत वसविली. शेषाद्री हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चशी संबद्ध असलेले ब्राह्मण ख्रिस्ती. त्यांच्या कार्यामुळे त्या टापूतील पुष्कळ कुटुंबे, विशेषतः महार व मांग समाजांतील, प्रेसबिटेरियन परंपरेत आली. आजी त्याच परंपरेत वाढली. पंथांतराची चर्चा करताना एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. १९२४ मध्ये प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र येऊन उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी स्थापन झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन, बाप्तिस्त, ब्रदरेन, डिसायपल्स व काही मेथडिस्ट यांच्याशी तिचे ऐक्य होऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' निर्माण झाले. म्हणजे आजीच्या हयातीत तिची मंडळी दोनदा बदलली. ज्या बाकावर ती बसत असे तो बाक मात्र तोच राहिला, आणि तोंडातील प्रार्थनाही त्याच. आपण पंथ बदलला आहे असे तिला कोणी सांगितले असते तर ती हसली असती. पंथाचे नाव संस्थेच्या कागदावर बदलणे आणि माणसाच्या जिभेवर बदलणे, या दोन घटना भिन्न आहेत.

वडील नोकरीनिमित्त परभणीस आले. परभणीत ख्रिस्ती घरे थोडी. त्यामुळे आमच्या धर्मशिक्षणाचे मुख्य स्थान देऊळ नसून घर हेच होते. दिवेलागणीनंतर शास्त्रपाठ, एखादे गीत, मग प्रार्थना, असा क्रम असे. गीते बहुधा रेव्हरंड टिळकांची. गंगाखेड आमच्या जिल्ह्यातील, आणि गंगाखेड म्हणजे जनाबाईचे गाव. शेजारच्या वारकरी घरातून येणारा अभंग आणि आमच्या घरातील टिळकांचे पद यांची चाल व शब्दकळा इतकी जवळची असे की, लहानपणी दोहोंतील सीमारेषा आम्हांस आशयावरून नव्हे, तर देवाच्या नावावरून कळत असे. शेजाऱ्यांच्या दृष्टीने आम्ही केवळ 'ख्रिश्चन' होतो. प्रॉटेस्टंट कोण, कॅथलिक कोण हा भेद त्यांस ठाऊक नव्हता व त्याचे त्यांस कारणही नव्हते. कोणत्याही पंथाच्या उपदेशकास ते 'पाद्री' म्हणत. हा शब्द पोर्तुगिजांकडून आलेला, म्हणजे मुळात कॅथलिक. पण मराठीत तो कधीच पंथातीत झाला आहे. सरकारी गणतीचीही रीत शेजाऱ्यांसारखीच. ब्रिटिश काळातील जनगणना ख्रिस्ती लोकांची पंथवार कोष्टके छापीत. स्वतंत्र भारताच्या धर्मविषयक कोष्टकांत 'ख्रिस्ती' हा एकच रकाना असतो.

या घरगुती शिक्षणात दोन गोष्टी तोंडपाठ असाव्या लागत : दहा आज्ञा व प्रभूची प्रार्थना. दोन्ही सर्व पंथांस समान आहेत असे मानले जाते आणि आशयाच्या दृष्टीने ते खरे आहे. पण पाठांतर हे आशयाचे नसते, क्रमाचे असते. प्रेसबिटेरियन परंपरेत मूर्ती न करण्याची आज्ञा स्वतंत्र, म्हणजे दुसरी, मोजतात. कॅथलिक परंपरा ती पहिलीतच समाविष्ट करते आणि लोभाविषयीची अखेरची आज्ञा विभागून नववी व दहावी अशा दोन करते. परिणामी मधल्या सर्व आज्ञांचे क्रमांक एकाने सरकतात. आमच्या घरी सातवी आज्ञा म्हणजे व्यभिचाराविषयीची. कॅथलिक घरात सातवी म्हणजे चोरीची. पापनिवेदनाच्या तयारीसाठी आज्ञांच्या क्रमाने आत्मपरीक्षण करण्याची कॅथलिक रीत आहे. पंथांतरानंतर पहिली काही वर्षे प्रस्तुत लेखक तेथे बसून मनातल्या मनात अंकगणित करीत असे. हे हास्यास्पद वाटेल. पण बालपणी घडलेले मन कोठे राहते, याचा तो चांगला पुरावा आहे.

आता शब्दसंग्रहाकडे वळू. मराठी ख्रिस्ती समाजाच्या दोन परिभाषा आहेत आणि त्या एकमेकींपासून बऱ्याच स्वतंत्रपणे घडल्या. प्रॉटेस्टंट 'बाप्तिस्मा' म्हणतो, कॅथलिक 'स्नानसंस्कार'. एकाचे 'प्रभुभोजन', दुसऱ्याचा 'मिस्सा'. एकाचा 'पाळक', दुसऱ्याचा 'धर्मगुरू' किंवा नुसता 'फादर'. एकाची 'मंडळी', दुसऱ्याची 'ख्रिस्तसभा'. कॅथलिकांच्या बिशपास 'महागुरू' व त्यांच्या पॅरिशास 'धर्मग्राम' म्हणतात. प्रॉटेस्टंट योहानास योहान म्हणतो, कॅथलिक त्यास 'संत' हे उपपद लावल्यावाचून राहत नाही. या याद्या वाढविता येतील, पण त्यांपेक्षा त्या कशा झाल्या हे पाहणे अधिक उद्बोधक आहे.

कॅथलिक परंपरेची मराठी वाङ्मयातील सुरुवात फादर थॉमस स्टीफन्स यांच्यापासून होते. ज्या इंग्लंडात मिस्सा कायद्याने निषिद्ध झाला होता त्या इंग्लंडातून निघून ते रोमला गेले, जेझुइट झाले आणि १५७९ मध्ये गोव्यास पोहोचले. पंथभेदाची झळ मराठीतील या आद्य ख्रिस्ती कवीस स्वतःच्या देशातच लागली होती. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. ओवी छंदात 'वैकुंठ' हा शब्द स्वर्गासाठी निःसंकोचपणे योजणारे स्टीफन्स पंथाच्या खास संज्ञांच्या बाबतीत मात्र पोर्तुगीज व लॅटिन शब्दांचा आधार घेतात. उलट प्रॉटेस्टंट परिभाषा घडली ती बायबलच्या भाषांतरातून. १८११ मध्ये सेरामपूरहून केरी यांच्या मंडळीने मराठी नवा करार प्रसिद्ध केला. १८१३ पासून मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी काम सुरू केले. आणि पुढे एकामागून एक भाषांतरे व शोधित आवृत्त्या निघाल्या. तेथे प्रश्न वेगळे होते. 'बाप्तिस्मा' हेच पाहा. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ बुडविणे. बाप्तिस्त पंथीयांच्या मते त्याचे भाषांतर बुडविण्याच्या अर्थाचेच व्हावयास हवे. इतरांच्या मते पाणी शिंपडणेही ग्राह्य. बंगाली बायबलच्या बाबतीत हा वाद इतका विकोपास गेला की, ब्रिटिश बायबल सोसायटीशी न जमल्याने बाप्तिस्तांनी १८४० मध्ये स्वतःची निराळी भाषांतरसंस्था काढली. मूळ ग्रीक शब्दच उचलून 'बाप्तिस्मा' म्हणणे हा यातून सुटण्याचा मार्ग होता. शब्दाला मराठीत अर्थच नसल्यामुळे ज्याने त्याने आपला अर्थ त्यात पाहावा. 'स्नानसंस्कार' हा शब्द तसा नाही. तो बोलका आहे, आणि 'संस्कार' या पदामुळे उपनयन-विवाहादी संस्कारांच्या पंक्तीत जाऊन बसतो. दोन संस्कार मानणारा प्रॉटेस्टंट आणि सात मानणारा कॅथलिक यांच्यातील अंतर या एका सामासिक शब्दात दिसून येते.

येथे एक विसंगती नमूद करण्यासारखी आहे. मराठीत कॅथलिक भक्तिवाङ्मय चारशे वर्षांचे, परंतु मिस्सा मराठीत होऊ लागून सुमारे साठच वर्षे झाली. कारण द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविषयक संविधान संमत करीपर्यंत मिस्साची भाषा लॅटिन होती. प्रॉटेस्टंटांचे उलट : वाङ्मय दोनशे वर्षांचे, पण उपासना पहिल्या दिवसापासून देशी भाषेत. यामुळे प्रॉटेस्टंट प्रार्थनेची मराठी ही आजी-पणजीच्या तोंडून गुळगुळीत झालेली आहे, तर मिस्साची मराठी अजून नव्या नाण्यासारखी वाजते. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' २०१० मध्ये निघाले व २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले, तेव्हा मराठवाड्यातील पुष्कळ वाचकांस कॅथलिक मराठीचा पहिला परिचय झाला.

पंथांतराचा विचार केवळ व्यक्तीपुरता करून भागत नाही. ग्रामीण महाराष्ट्रात पंथ पुष्कळदा भावकीने घेतला आणि भावकीने सोडला. प्रॉटेस्टंट मिशनांनी आपसांत प्रदेशांची वाटणी करून घेतली होती. कॅथलिक त्या करारात नव्हते. तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अमेरिकन मिशन, अँग्लिकन मिशन आणि जर्मन जेझुइट एकाच तालुक्यात काम करू लागले. केंदळ येथून फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये 'निरोप्या' हे कॅथलिक मासिक काढले, तेव्हा अमेरिकन मिशनचा 'ज्ञानोदय' साठ वर्षांचा झाला होता. एका गावातील काही घरे एका मासिकाची वाचक, काही दुसऱ्याची, आणि कधी शाळेपायी, कधी दुष्काळातील मदतीपायी, कधी भाऊबंदकीपायी घरे इकडची तिकडे. दोन्ही बाजूंनी एकमेकांवर मेंढरे पळविल्याचा आरोप केला. आमच्या घरी कॅथलिकांविषयी जे थोडे बोलले जाई त्यास त्या जुन्या कलहाचा वास होता, जरी त्याचा तपशील कोणासही सांगता येत नसे. परभणी जिल्ह्याचा कॅथलिक कारभार १९७७ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांताकडे आहे. त्यापूर्वीचा कॅथलिक इतिहास आमच्या भागात विरळच.

व्यक्तीच्या पंथशोधाची मराठीतील तीन ठळक उदाहरणे म्हणजे नीळकंठ ऊर्फ नेहेम्या गोऱ्हे, पंडिता रमाबाई व नारायण वामन टिळक. तिघांपैकी कोणीही कॅथलिक झाले नाही. पण तिघेही ज्या पंथाच्या दारातून आत आले त्याच दालनात थांबले नाहीत. काशीत वाढलेले गोऱ्हे १८४८ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीच्या साध्या, विधिविरोधी परंपरेत बाप्तिस्मा घेऊन शिरले आणि अखेरीस कॅथलिक पद्धतीच्या जवळ गेलेल्या अँग्लिकन काउली संघाकडे वळले; १८७६ मध्ये ते त्या संघात उमेदवार म्हणून राहिले, पण अखेरची व्रते त्यांनी घेतली नाहीत. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे अँग्लिकन भगिनींच्या मठात झाला. तेथे त्यांस धर्माइतकेच पंथही भेटले आणि त्यांच्या संख्येने त्या चक्रावून गेल्या. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ग्रंथरूपाने छापला आहे. त्यात त्रैक्याच्या सिद्धांताइतकाच भाषेचाही वाद आहे. त्यांस दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. ती लॅटिनच का, संस्कृत का नकोत, असे रमाबाईंनी विचारले. ज्या बाईचे सारे बालपण आईच्या मुखातून पुराणे पाठ करण्यात गेले तिला हा प्रश्न पडणे स्वाभाविक होते. परंतु त्याच रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्तिसदनात मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे भाषांतर करताना संस्कृत तत्त्वज्ञानाच्या वजनाचे शब्द कटाक्षाने टाळले आणि खेड्यातील बाईस कळेल अशी मराठी वापरली. हे स्वतःच्या बालपणाशीच केलेले भांडण होय असे प्रस्तुत लेखकास वाटते. टिळकांची वाट तिसरी. १८९५ मध्ये ते अमेरिकन मिशनमध्ये आले, १९१७ मध्ये मिशन सोडले आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांसही मोकळा असा 'देवाचा दरबार' उभारू पाहिला. 'मंडळी' हा शब्द नाकारून 'दरबार' हा शब्द घेणे, एवढ्यातच त्यांचा सारा वाद आला आहे.

आता पुन्हा घराकडे. प्रस्तुत लेखकाने कॅथलिक होण्याची सर्व कारणे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. प्रबंधाच्या निमित्ताने 'क्रिस्तपुराण' वाचावे लागले व वाचता वाचता अभ्यासक हा भक्त झाला, एवढे नमूद केलेले पुरे. पंथप्रवेशाचा विधी साधा असतो. पाणी आणि त्रैक्याचे नाव यांनी झालेला बाप्तिस्मा, तो कोणी का दिलेला असेना, पुन्हा द्यावयाचा नाही, हा पाश्चात्त्य ख्रिस्तसभेचा निर्णय आर्ल येथील ३१४ सालच्या परिषदेइतका जुना आहे. तेव्हा विश्वासाचा उच्चार, दृढीकरण आणि मिस्सातील सहभाग, एवढेच झाले. जालन्याच्या पाळकांनी शिंपडलेले पाणी रोमला चालले. प्रस्तुत लेखकास या गोष्टीचे मोठे समाधान वाटले व त्याने ती आजीस सांगितली.

आजीने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे तू बाटलास का रे?"

'बाटणे' या क्रियापदाचा इतिहास लक्षात घेतला म्हणजे या प्रश्नाचा अर्थ कळतो. विटाळ, सोवळे-ओवळे यांच्या व्यवहारातला हा शब्द. आजीच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने तो त्यांच्यावर फेकला होता. ज्यांस गावाने आधीच विटाळाचे मानले होते त्यांनाच पुन्हा 'बाटले' म्हणण्यात जो क्रूर विनोद आहे, तो आजी स्वतः सांगत असे. त्याच आजीने तो शब्द नातवासाठी वापरला. तिला शिवी द्यावयाची नव्हती. घरातला माणूस घराच्या प्रार्थनेतून उठून गेला, एवढेच तिला म्हणावयाचे होते आणि त्यासाठी तिच्या मराठीत दुसरा शब्द नव्हता. 'पंथांतर' हा शब्द तिने जन्मात ऐकला नव्हता.

वडिलांनी कोणताच शब्द वापरला नाही. त्यांनी सर्वनाम बदलले. मराठीत उत्तम पुरुषाच्या अनेकवचनाची दोन रूपे आहेत : श्रोत्यास सामावून घेणारे 'आपण' आणि त्यास वगळणारे 'आम्ही'. उपदेशक व्यासपीठावरून 'आपण सारे पापी आहोत' म्हणतो; तोच मनुष्य डोळे मिटून देवाशी बोलू लागला की 'आम्ही पापी आहोत' म्हणतो, कारण आता श्रोता देव आहे आणि देव पापी नाही. ही निवड कोणी शिकवीत नाही; पाच वर्षांच्या मुलासही ती अचूक येते. आमच्या घरात 'आपल्यात' हे रूप फार चाले. आपल्यात जेवणाआधी प्रार्थना करतात, आपल्यात मेणबत्त्या लावीत नाहीत. पंथप्रवेशानंतर प्रस्तुत लेखक प्रथम घरी गेला तेव्हा ताटे वाढल्यावर वडील म्हणाले, "तुमच्यात काय म्हणतात ते तू म्हण." आवाजात राग नव्हता. जेवणापूर्वीची प्रार्थना त्यांनी मुलास मान म्हणून दिली होती. पण 'आपल्यात'च्या जागी 'तुमच्यात' आले होते.

स्वतः प्रस्तुत लेखकाची स्थिती अशी की, 'मिस्सा', 'स्नानसंस्कार', 'धर्मग्राम' हे शब्द त्याच्या बोलण्यात दोन-तीन महिन्यांत रुळले. मात्र कॅथलिक मित्रांशी बोलताना "तुमच्यात असे करतात का?" हे वाक्य तो तीन-चार वर्षे बोलत होता आणि ते त्याच्या लक्षातही येत नसे, मित्र हसत तेव्हा येई. नाम हे संकल्पनेस चिकटलेले असते, संकल्पना बदलली की ते बदलते. सर्वनाम मात्र माणसांना चिकटलेले असते.

राहिली प्रभूची प्रार्थना. मत्तयाच्या शुभवर्तमानातील या प्रार्थनेच्या शेवटी राज्य व गौरव देवाचे आहे अशा अर्थाचे एक वाक्य येते. ते प्राचीनतम हस्तलिखितांत नाही, लूकच्या पाठात नाही. पण प्रॉटेस्टंट उपासनेत ते प्रार्थनेचा अविभाज्य भाग आहे. कॅथलिक पठणात प्रार्थना त्याच्या आधीच संपते. मिस्सात ते वाक्य येते, परंतु मध्ये धर्मगुरूची एक स्वतंत्र प्रार्थना होऊन मग. प्रस्तुत लेखक पंथप्रवेशापूर्वी एका कॅथलिक घरी संध्याकाळच्या जपमाळेस प्रथमच बसला होता. सर्वजण योग्य जागी थांबले आणि त्याचा एकट्याचा आवाज पुढे गेला. ओळीच्या मध्यावर त्यास ते उमगले. घरातील म्हातारीने डोळे न उघडता त्याचे वाक्य पुरे होऊ दिले आणि मग पुढचा मणी ओढला.

त्यानंतर नऊ वर्षांनी आजी वारली. जालन्यास दफनविधी झाला. पाळकांच्या मागोमाग सर्वांनी प्रभूची प्रार्थना म्हटली. वाइटापासून सोडविण्याच्या विनवणीपाशी प्रस्तुत लेखक थांबला. बाकीचे सारे, वडील, काका, शेजारी, एका सुरात पुढे गेले आणि ते वाक्य संपेपर्यंत तो मान खाली घालून उभा होता. परतताना गाडीत वडिलांनी विचारले, "पुढचं विसरलास का?" त्याने "नाही" म्हटले. ते खरेही होते.